उस्तादाची पाठ

तुटलेला बोल्ट कसा काढायचा हे पुस्तकात असतं, पण पुस्तक इंग्रजीत असतं. गॅरेजात ते उस्तादाच्या हातात असतं, पण उस्ताद आपल्याकडं पाठ करून बसलेला असतो. ह्या दोन्हींच्या मधे आपली पोरं उभी असतात, हातात रॉकेलचा डबा आणि चिंधी घेऊन. त्यांच्यासाठी हे लिहितोय. ज्यांना नुसतं साहित्य पाहिजे त्यांनी पान उलटावं.

मी १९७७ साली कुर्ल्याच्या एका गॅरेजात पोऱ्या म्हणून लागलो. वय चौदा. कुर्ल्यातच प्रीमियरचा कारखाना, त्यामुळं आजूबाजूला गॅरेजवाले, लेथवाले, भंगारवाले यांचीच वस्ती. मुंबईची टॅक्सी म्हणजे तेव्हा फियाट. चार सिलिंडरचं १०८९ सीसीचं इंजिन. ब्लॉक बिडाचा, वरचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. सकाळी आठला पाने पुसायचे, दुपारी पार्ट धुवायचे, रात्री झाडून जायचं. पाणी प्यायला माठ होता. शेठचा आणि मिस्त्र्यांचा पेला माठावर, आम्हा वस्तीच्या पोरांना ओंजळीत वरून. कुणी जात विचारली नव्हती. पत्ता विचारला होता, तेवढं पुरलं.

बोल्ट तुटला की गॅरेज गप्प व्हायचं. उस्ताद बिडी विझवायचा, मला म्हणायचा, "जा, चाय लेके आ." चहा आणला तर म्हणायचा, "पान लेके आ." पान आणलं की तो गाडीकडं तोंड आणि आमच्याकडं पाठ करून बसलेला. नुसता आवाज यायचा. हातोडीची टकटक, मग ड्रिल, मग बराच वेळ काहीच नाही. अर्ध्या तासानं हाताच्या तळव्यावर बोल्टाचा तुकडा घेऊन उठायचा. तो तुकडा डब्यात टाकायचा आणि शिव्या देत पुढच्या कामाला लागायचा. मी विचारलं तर, "देख मत, पाना दे."

घरी बापाला सांगितलं. बाप म्हणाला, "तोंडानं कोन बी सांगत न्हाई, लेका. डोळ्यानं चोर."

आमच्या गॅरेजात अजून एक पोरगा होता. माझ्यापेक्षा वर्षानं मोठा, माझ्याच वस्तीतला. हाताला चांगला होता. एका दुपारी उस्तादानं त्याला एक्झॉस्टचे नट सोडायला बसवलं. एक नट हलेना, तर उस्तादानंच त्याच्या हातात तीन फुटी पाइप दिला आणि म्हणाला, "लगा जोर." पोरानं पान्यावर पाइप चढवला, पाय टेकला, ओढला. पाना मऊ फिरायला लागला. पोरगं ओरडलं, "निघाला, निघाला!" त्याला आनंद झाला होता. मग कट् असा आवाज आला.

स्टड हेडच्या तोंडाशी तुटला. उस्ताद पाठ करून बसला, पण त्या दिवशी त्याची इझीआऊट पण आतच तुटली. हेड गेलं. शेठनं हेडची किंमत पोराच्या पगारातून धरली. महिना पस्तीस रुपये पगार. एवढ्या पगारात पोरानं हेड किती वर्षांत फेडायचं? तो दुसऱ्या महिन्यापासून आला नाही. त्याचा बाप झाडूखात्यात होता. १९८३ साली बाप गेला आणि वारस म्हणून तो बापाच्या जागी लागला. नोकरी पुरी व्हायच्या आत तोही गेला.

बोल्टानं त्याला झाडू दिला असं मी म्हणत नाही. झाडू त्याच्यासाठी आधीच ठेवलेला होता. बोल्टाच्या वाटेनं तो त्यातून निसटू शकला असता, एवढंच म्हणतो. आणि त्याला दोन वाक्यं कुणी सांगितली असती तर तो स्टड कदाचित तुटलाच नसता. ती दोन वाक्यं अशी: बोल्ट सुटतो तेव्हा टक् करून सुटतो. टक् न होता रबरासारखा मऊ फिरायला लागला तर तो सुटत नसतो, पिळला जात असतो, तेव्हा तिथंच थांब.

दोन वाक्यं. फुकटची. ती सांगायला कुणाच्या बापाचं काय जात होतं?

हा प्रश्न आमच्या घरात जुना आहे. माझा आजा परळच्या गिरणीत सूतखात्यात होता. विणखात्यात पगार जास्त, पण आपल्या माणसाला विणखात्यात घेत नसत. कारण काय, तर धोट्यातली कांडी बदलली की धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढावा लागे. धोटा तोंडाला लागणार, मग तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. धागा चालायचा, कापड चालायचं, थुंकी चालायची, फक्त थुंकी कुणाची ते बघायचे. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा विणखात्याचा प्रश्न पुढं आणला तेव्हा लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनाही तो अडचणीचा वाटला. आज्या म्हणायचा, माग चालवायला मला आठवडा लागला असता, पण मागाजवळ उभं राहायला जन्म पुरला नाही.

१९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असं त्यांनी तिथं मांडलं. ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे, सभेत टाळ्या घेतं. पण त्याच भाषणात रेल्वेतला आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच राहतो, वरच्या जागा त्याला मिळत नाहीत, हेही होतं. ते कुणी सांगत नाही. हातात हातोडा दिला जातो, पण काम शिकवलं जात नाही. आमच्या गॅरेजात चाळीस वर्षांनी तेच चाललं होतं.

इथं कुणी एकलव्याची गोष्ट काढील. ती मला पुरत नाही. माझा उस्ताद द्रोण नव्हता. त्याच्यामागं कुठला राजवाडा नव्हता. आझमगडकडून आलेला, गॅरेजातच झोपणारा, गावाला मनीऑर्डर करणारा माणूस. त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं, त्यानंही डोळ्यानं चोरलं होतं. त्याच्याजवळ शेत नव्हतं, घर नव्हतं, चार युक्त्या होत्या. त्या पोरांना दिल्या तर शेठ उद्या पोरांनाच उस्ताद करील, अर्ध्या पगारात. ही भीती खरी होती. शेठला ती भीती हवीच होती. उपाशी माणूस दुसऱ्या उपाशी माणसाकडं पाठ करून बसतो तेव्हा शेठ गल्ल्यावर आरामात बसतो. म्हणून उस्तादावर माझा राग नाही. पण पाठ ती पाठच. तिच्यामागं एक पोरगं गेलं.

मी पुढं आयटीआयला मोटार मेकॅनिक केलं, नोकरी केली. काही डोळ्यानं चोरलं, काही एका लेथवाल्यानं सांगितलं, काही इंग्रजी पुस्तकातून शब्दकोश घेऊन काढलं. आता सगळं एका जागी सांगतो.

माझ्याकडं १९८६ ची पद्मिनी आहे. १९९८ साली जुनी घेतली. टॅक्सीतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २००३ मधे नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरची काळी-पिवळी पद्मिनी बंद झाली. माझी खासगी, अजून चालते. दोनेक वर्षांमागं एक्झॉस्टमधून फट् फट् आवाज यायला लागला. मॅनिफोल्ड उतरवलं तर एक स्टड हेडच्या तोंडाशी तुटलेला. तूट जुनी, काळी पडलेली. आधीच्या कुठल्यातरी गॅरेजात तो तुटला होता, त्यांनी वरून पेस्ट फासली आणि बिल घेतलं. असं फार करतात.

आधी बोल्ट का तुटतो ते समजून घ्या. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. आट्यांमधे जागा नसतेच, म्हणून तो फुगून आटे आवळतो. एक्झॉस्टचा स्टड तर रोज तापतो, रोज थंड होतो. शिवाय अ‍ॅल्युमिनियममधे लोखंडाचा स्टड असला आणि ओल लागली की दोन धातूंमधे बॅटरीसारखी क्रिया होते. अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी होऊन ती स्टडला धरून बसते. वर आपण पाइप लावतो. डोकं फिरतं, खालचे आटे हलत नाहीत, मधली मान पिळून मोडते. बोल्ट कमजोर म्हणून तुटत नाही. खालची पकड ढिली व्हायच्या आधी वरून जोर पडतो, म्हणून तुटतो.

म्हणून पहिलं काम पकड ढिली करणं. तारेच्या ब्रशनं आटे साफ करा. गंज सोडवायचं तेल घाला, नसेल तर डिझेल आणि रॉकेल. घालून लगेच पाना लावू नका, रात्रभर राहू द्या. बोल्टाच्या डोक्यावर हातोडीनं सरळ दोन-चार टोले द्या, गंजाला तडा जातो. रिंग पाना किंवा बॉक्स पाना लावा, उघड्या तोंडाचा नको, तो कोपरे खातो. मापाचाच पाना घ्या. इंचाचा पाना मिलिमीटरच्या नटावर 'जवळपास बसतो' म्हणून लावला की डोकं गोल होतं. थोडा सोडा, थोडा परत आवळा, पुन्हा तेल, पुन्हा सोडा. मऊ लागला की थांबा.

एवढं करूनही तुटला, किंवा माझ्यासारखा आधीच तुटलेला मिळाला, तर बघा किती वर राहिलाय. थोडाही वर असेल तर कानशीनं त्याला दोन बाजूंनी चपटं करा आणि लॉकिंग पक्कड घट्ट धरून हलवा. वर काहीच नसेल तर आच द्या. आच स्टडला नाही, भोवतालच्या धातूला. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून भोक मोठं होतं आणि स्टड त्या मानानं लहान राहतो. पण सांभाळा. लोखंड वितळायच्या आधी लाल होतं, अ‍ॅल्युमिनियम रंग बदलत नाही, ६६० अंशांना सरळ ओघळतं. पाण्याचा थेंब चर्र करील एवढं तापवलं की पुरे. गरम असताना सांध्याला मेणबत्ती टेकवा. मेण पातळ होऊन आट्यांत उतरतं. आणि पेट्रोल, रॉकेल, कार्बुरेटर हे सगळं आचेपासून लांब. मी तर हेडच उतरवून टेबलावर घेतलं. वाकून आंधळं काम करण्यापेक्षा गॅस्केटचा खर्च परवडतो.

मग ड्रिल. उस्तादाच्या पाठीमागची टकटक ती हीच. तुटलेलं तोंड आधी कानशीनं सपाट करा. सेंटर पंच बरोबर मधे मारा. मधे म्हणजे मधेच. सगळी युक्ती ह्या एका ठिपक्यात आहे. ठिपका बाजूला गेला तर ड्रिल लोखंड सोडून मऊ अ‍ॅल्युमिनियमकडं पळतं आणि भोक वाकडं होतं. चष्मा लावा, भिंग घ्या, चुकला तर पंच तिरपा धरून ठिपका सरकवा. घाई इथं करू नका. आधी तीन मिलिमीटरचं भोक. सरळ गेलं का बघा. मग पाच. ड्रिल हळू फिरवा, तेल घालत राहा. उलट फिरणारं ड्रिल मिळालं तर उत्तम, कधी कधी भोक पाडतानाच तुकडा बाहेर येतो.

मग इझीआऊट. तिचे आटे उलटे आणि निमुळते असतात, डावीकडं फिरवलं की ती आत रुतते आणि बोल्टाला फिरवते. ती दोन हातांच्या टॅप हँडलनं फिरवा, एका बाजूच्या पान्यानं नको, कारण तिरपा जोर तिला चालत नाही. ती कडक पोलादाची असते, आणि जे कडक ते ठिसूळ. आत तुटली तर साधं ड्रिल तिच्यावर चालत नाही. मग कार्बाइडचं ड्रिल नाहीतर स्पार्क मशीन, म्हणजे पैसे. आमच्या गॅरेजातलं ते हेड असंच गेलं. ज्या बोल्टाला पाइपनं हलवता आलं नाही, त्याच्या पोटातली ही बारकी सळई जोरावर त्याला काढील अशी आशा धरू नका. ती फक्त ढिला झालेला बोल्ट काढते.

माझ्या स्टडला इझीआऊट लावली, ती ताणायला लागली. मी काढून घेतली. दुसऱ्या दिवशी हेड वेल्डरकडं नेलं. स्टडवर नट ठेवायचा आणि नटाच्या पोटातून वेल्डिंग भरायचं. लोखंडाचा रस लोखंडाला धरतो, अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही. शिवाय ती आच बरोबर स्टडलाच लागते, तो फुगतो, गंजाला तडा जातो, थंड होताना आकसतो. पहिला नट तुटून हातात आला. दुसराही आला. तिसऱ्याला पाना लावला, कोमट असतानाच, पुढं मागं, पुढं मागं. किर्र असा आवाज आला आणि स्टड फिरला.

हेही झालं नसतं तर शेवटचा उपाय: पूर्ण ड्रिल करून काढायचा. आठ मिलिमीटरच्या सव्वाच्या आट्याला ६.८ चं ड्रिल. भोक मधोमध असेल तर आट्यांत नुसतं तारेसारखं वेटोळं उरतं, ते टोच्यानं ओढून काढायचं आणि टॅप फिरवायचा. आटे मेलेच तर मोठं भोक पाडून तारेचे नवे आटे बसवता येतात. हेड फेकायची गरज तेव्हाही नव्हती.

बसवताना नवा स्टड, पितळी नट, आट्यांना किंचित तांब्याचं ग्रीस. आधी बोटानं फिरवा, बोटानं जात नसेल तर पान्यानंही घालू नका. मधून कडेला, थोडं थोडं करत सगळे आवळा.

हे काम सोसायटीच्या आवारात चाललं होतं. दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त अधिकारी राहतात. ते जुनी स्कूटर खोलतात, जोडतात. येणारा-जाणारा म्हणतो, "वा, काय छंद आहे!" मी बॉनेट उघडलं की कुणी छंद म्हणत नाही. त्या दिवशी तेच गृहस्थ खाली आले, बघत उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्हाला काय सोपं आहे. तुमच्या लोकांच्या हातातच असतं हे."

मी म्हटलं, "साहेब, आमच्या लोकांच्या हातात काय होतं ते गावाला विचारा. मेलेलं ढोर होतं, गावकीची काठी होती. ऐरण लोहाराची, रंधा सुताराचा. आमच्या वाट्याला एकही आटा आला नव्हता. हे हातात नसतं, शिकावं लागतं. या इकडं, दाखवतो."

ते गडबडले. पण आले. बॅटरी धरून उभे राहिले आणि पंचाचा ठिपका कुठं मारायचा ते बघून घेतलं. पुढच्या रविवारी त्यांनी स्कूटरचा एक स्क्रू तसाच काढला. मी त्यांच्याकडं पाठ केली नाही. करता आली असती. माणूस कसा आहे ते बघून विद्या द्यायची म्हटलं तर आपणही त्याच रांगेत जाऊन बसू.

आता पाठ कंपनीची आहे. नव्या गाडीत इंजिनावर प्लॅस्टिकचं झाकण, दिवा लागला की स्कॅनर, स्कॅनरला पासवर्ड. कित्येक नव्या इंजिनांत हेडचे बोल्ट एकदा ताणले की पुन्हा वापरायचे नसतात, पण हे गॅरेजातल्या पोराला कोण सांगतं? पोरं तीच आहेत. पत्ता विचारला की कळतं ती कुठली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. आपल्यात गवंडी आहेत, वायरमन आहेत, वेल्डर, लेथवाले, नर्सा, ड्रायव्हर आहेत. प्रत्येकाजवळ अशी दोन-दोन वाक्यं आहेत, जी वेळेवर कुणी सांगितली नाहीत म्हणून कुणाचा तरी हात गेला, पगार गेला, नोकरी गेली. आपण कविता पुष्कळ लिहिल्या, त्या लिहायलाच हव्या होत्या. आता हेही लिहा. मराठीत लिहा, बोलता तसं लिहा, माप आकड्यात द्या. आणि तुमच्या वस्तीतलं एखादं पोरगं गॅरेजात असेल तर हे पान त्याला वाचून दाखवा. तेलाचे हात लागले तरी चालतील.